बर्फात धावणारा एमिल झाटोपेक

डिसेंबर लागला की आमच्या टेबलावर एकाच नमुन्याचे अर्ज जमा होऊ लागतात. पाल्यास सर्दी आहे, सबब सकाळच्या दौडीच्या सरावातून सूट मिळावी. कुणाला खोकला असतो, कुणाच्या आजीला काळजी वाटत असते, कुणाचे स्वेटर वाळलेले नसते. ग्वाल्हेरची थंडी कशी असते हे येथे राहणाऱ्यांना सांगायला नको. जानेवारीत सकाळचे आठ वाजले तरी कोहरा हटत नाही. (वर्गात आम्ही धुके शिकवतो, पण बोलताना तोंडात कोहराच येतो.) गजकाच्या दुकानापुढे रांग लागते आणि मैदान रिकामे राहते. यंदा एका विश्वस्तांनी लेखी सूचना केली आहे की जानेवारीअखेर होणारी आपली पाच किलोमीटरची दौड मार्चमध्ये घ्यावी. मार्चमध्ये परीक्षा असतात, म्हणजे दौड बंदच करावी असा त्याचा अर्थ होतो. हा विषय पुढील सभेपुढे येणार आहे आणि निर्णय सभाच करील. त्याआधी विद्यार्थ्यांना, पालकांना आणि विश्वस्त मंडळींना एका धावपटूचे चरित्र सांगावे असे आम्हाला वाटले. थंडीत धावणे म्हणजे काय, हे त्याच्याइतके फार थोड्यांना ठाऊक होते.

त्याचे नाव एमिल झाटोपेक. आमचे सर्व शिक्षण हिंदी माध्यमातून झाले. कॉलेजात असताना एका हिंदी मासिकात हे नाव आम्ही पहिल्यांदा वाचले, ते जातोपेक असे छापलेले होते. पुढे बरीच वर्षे आम्ही जातोपेकच म्हणत होतो. एका विद्यार्थ्याने चूक दाखवून दिली तेव्हा सुधारणा केली.

एमिलचा जन्म १९ सप्टेंबर १९२२ रोजी चेकोस्लोव्हाकियातील मोराव्हिया प्रांतात, कोप्रिव्हनिट्से या गावी झाला. हा देश आता नकाशावर सापडणार नाही. १९९३ साली त्याचे चेक प्रजासत्ताक आणि स्लोव्हाकिया असे दोन देश झाले, आणि एमिलचे गाव चेक प्रजासत्ताकात आहे. वडील सुतारकाम करीत. घरात मुले पुष्कळ आणि पैसा बेताचा. चौदा-पंधरा वर्षांच्या वयातच एमिलला नोकरीसाठी झ्लीन या गावी जावे लागले, तेही बूट बनवण्याच्या कारखान्यात. त्या कारखान्याचे नाव बाटा.

बाटाचे बूट आपल्याकडे घरोघरी आहेत. शाळेचे काळे आणि पांढरे बूट घ्यायचे म्हणजे बाटा, इतके ते नाव अंगवळणी पडले आहे, आणि पुष्कळ लोक ती कंपनी भारतीयच समजतात. कलकत्त्याजवळ बाटानगर वसलेले असल्यामुळे तसे वाटणे साहजिक आहे. परंतु ती मूळ झ्लीनची, १८९४ साली तेथे सुरू झालेली. कारखान्यात गरीब घरची मुले दिवसा काम करीत, संध्याकाळी कारखान्याच्याच शाळेत शिकत आणि वसतिगृहात राहत. एमिल त्यांच्यापैकी एक होता. त्याला खेळाची आवड नव्हती. धावण्याची तर नव्हतीच.

१९४१ सालची गोष्ट. देश तेव्हा जर्मनीच्या ताब्यात होता. कारखान्यातर्फे गावात एक शर्यत भरत असे. क्रीडाप्रमुखांनी चार मुलांकडे बोट दाखवून त्यांना शर्यतीत उतरण्यास सांगितले. त्यात एमिल होता. आपली प्रकृती अशक्त आहे, आपल्याला धावणे जमणार नाही, असे त्याने सांगून पाहिले. आज आमच्या टेबलावर येतात तसाच तो अर्ज म्हणायचा, फक्त तोंडी. त्याला डॉक्टरांकडे पाठवण्यात आले आणि डॉक्टरांनी मुलगा ठणठणीत असल्याचा निर्वाळा दिला. मग नाइलाजाने तो धावला. सुमारे शंभर मुलांत त्याचा दुसरा क्रमांक आला. धावता धावताच त्याला जिंकावेसे वाटू लागले होते. पहिला क्रमांक हुकला याची रुखरुख लागली आणि एमिल सरावाला लागला.

झ्लीनमध्ये यान हालूझा नावाचे एक अनुभवी धावपटू होते. सुरुवातीचे धडे एमिलने त्यांच्याकडे घेतले. (हेच हालूझा पुढे कम्युनिस्ट राजवटीत राजकीय कैदी म्हणून तुरुंगात गेले. ही गोष्ट वाचकांनी लक्षात ठेवावी, तिच्याशी जुळणारे पुढे काही येणार आहे.) फिनलंडचे थोर धावपटू पावो नुर्मी हा एमिलचा दुसरा आदर्श. नुर्मी हातात घड्याळ धरून धावत. त्यांच्याविषयी जे वाचायला मिळाले ते एमिलने वाचले आणि त्यावर स्वतःचे डोके चालवले.

त्याचा विचार अगदी साधा होता. हळू धावणे आपल्याला येतेच, शिकायचे आहे ते वेगाने धावणे. मग सरावात हळू कशाला धावायचे? चारशे मीटरची एक फेरी वेगाने धावायची, लगेच दोनशे मीटर सावकाश पळायचे, की पुन्हा चारशे वेगाने. मधल्या दोनशे मीटरमध्ये दम थोडा खाली बसतो, पूर्ण बसत नाही. तेवढ्यात पुढची फेरी सुरू होते. अशा रीतीने थकलेल्या शरीराला वेगाची सवय लागते. आज जगभर लांब पल्ल्याच्या धावपटूंना अशा फेऱ्या दिल्या जातात. एमिलच्या आधीही काही प्रशिक्षक हे करीत, पण तो करी तितक्या फेऱ्या कोणी करीत नव्हते. आधी वीस फेऱ्या, मग चाळीस, मग साठ. मुलांनी हिशेब करून पाहावा. चारशेच्या साठ फेऱ्या म्हणजे चोवीस किलोमीटर, आणि मधली दोनशेची साठ अंतरे मिळून आणखी बारा. एकूण छत्तीस किलोमीटर झाले. ग्वाल्हेरहून मुरैना त्याहून थोडेसेच दूर आहे. पुढे काही दिवस तर त्याने शंभर फेऱ्याही केल्या.

महायुद्ध १९४५ साली संपले आणि एमिल सैन्यात दाखल झाला. बर्फातला सराव मुख्यतः या काळातला.

तिकडचा हिवाळा आपल्या थंडीसारखा नसतो. आपल्याकडे चार-पाच अंशांवर पारा आला की कलेक्टरसाहेब शाळांना सुट्टी देतात. तेथे पारा शून्याच्या खाली अनेक अंश जातो आणि आठवडेच्या आठवडे बर्फ वितळत नाही. दुपारी चार-साडेचारला अंधार पडतो. त्या काळी पुष्कळ धावपटू हिवाळ्यात विश्रांती घेत आणि वसंत ऋतू आला की पुन्हा मैदानावर उतरत. एमिलला हे पटत नव्हते. चार महिने बसून राहिल्यावर जे कमावले ते जाणार आणि वसंतात पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागणार, असे त्याचे गणित होते. म्हणून तो बर्फातच धावू लागला, तेही धावण्याच्या हलक्या बुटांत नव्हे, सैन्याच्या जड बुटांत. बर्फावर साधा बूट घसरतो आणि जाड बुटाने पाय मुरगळण्याची भीती कमी राहते, हे एक कारण. दुसरे असे की चार महिने जड बूट वागवल्यावर शर्यतीचा बूट पायात घातला की पायात काही आहे असे वाटतच नाही. दिवसा सैन्याची ड्यूटी असे, त्यामुळे वेळ मिळे तो रात्री. मग हातात टॉर्च घेऊन तो जंगलातील वाटेवर फेऱ्या मारी. बर्फ खोल असले की प्रत्येक पाऊल गुडघ्यापर्यंत उचलावे लागते, त्याने मांड्यांना बळ येते. पहाऱ्यावर उभे राहायचे असले तर तो जागच्या जागी पळत राही.

एक गोष्ट विद्यार्थ्यांना विशेष आवडेल. घरात धुण्याचे कपडे साचले की तो न्हाणीघरातील टबात कपडे, पाणी आणि साबण टाकी आणि त्यावर उभा राहून पळू लागे. कपडेही धुतले जात आणि सरावही होई. वसतिगृहातील मुलांनी हा प्रयोग करायला आमची हरकत नाही, मात्र पाणी बाहेर सांडले तर पुसायचे.

आणखी एक प्रयोग त्याने केला, तो मात्र कोणीही करू नये. कामावर जाण्याच्या रस्त्यावर झाडांची रांग होती. पहिल्या दिवशी चौथ्या झाडापर्यंत श्वास रोखून चालायचे, मग पाचव्या, मग सहाव्या, असे करत एके दिवशी तो रांगेच्या शेवटापर्यंत पोहोचला आणि बेशुद्ध पडला. पराक्रम म्हणून ही गोष्ट सांगितली जाते. आमच्या मते ही त्याची चूक होती. दोन वर्षांपूर्वी आपल्याच मैदानावर नववीची एक मुलगी सरावात चक्कर येऊन बसली. ती उपाशीपोटी आली होती आणि कोहऱ्यात साडेसहाला सराव ठेवण्याचा निर्णय आमचा होता. तो दिवस आम्ही विसरलेलो नाही. काही पालकांचे अर्ज त्या दिवसापासून येत आहेत, आणि त्यांना आम्ही दोष देऊ शकत नाही.

१९४६ साली ओस्लोला युरोपियन स्पर्धा झाली. तेथे पाच हजार मीटरमध्ये एमिल पाचवा आला. त्याच वर्षी बर्लिनला मित्रराष्ट्रांच्या सैन्यांची स्पर्धा होती. प्रागहून बर्लिनला तो सायकलवर गेला असे सांगतात. संचलनात बाकीच्या देशांची मोठमोठी पथके होती आणि चेकोस्लोव्हाकियाच्या फलकामागे एकटा एमिल. प्रेक्षक हसले. शर्यत सुरू झाल्यावर हसणे थांबले, कारण बाकी सर्वांना मागे टाकून तोच पहिला आला.

त्याचे धावणे दिसायला मात्र अजिबात चांगले नव्हते. डोके एका बाजूला कललेले, खांदे वर, जीभ बाहेर, चेहरा असा की याच्या पोटात कुणीतरी सुरी खुपसली आहे. त्याच्या जोरजोरात धापा टाकण्यामुळे लोक त्याला चेक इंजिन म्हणू लागले. चित्रात शोभेल असे धावणे त्याला जमत नव्हते आणि ते जमवण्यात त्याने वेळही घालवला नाही. आपल्या क्रीडाशिक्षकांना हे वाचून बरे वाटणार नाही, पण जे घडले ते असे आहे.

१९४८ च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये दहा हजार मीटरची शर्यत त्याने २९ मिनिटे ५९.६ सेकंदांत जिंकली. त्यानंतर पाच हजार मीटरची अंतिम शर्यत पावसात आणि चिखलात झाली. बेल्जियमचा गॅस्टन रीफ फार पुढे निघून गेला होता. शेवटच्या फेरीत एमिलने एवढे अंतर कापले की अखेर दोघांत सेकंदाचा पाचवा भागच उरला. सुवर्णपदक रीफला मिळाले.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये एमिलचे लग्न झाले. पत्नी डाना भालाफेकीची खेळाडू होती. दोघांचा जन्मदिवस एकच, १९ सप्टेंबर १९२२. पत्रिका जुळवणाऱ्यांनी काय म्हटले असते कोण जाणे. हिवाळ्यात डानाला पाठीवर घेऊनही तो बर्फातून धावत असे. २९ सप्टेंबर १९५१ रोजी स्टारा बोलेस्लाव्ह येथे त्याने एका तासात २० किलोमीटर ५२ मीटर अंतर कापले. तासात वीस किलोमीटर जाणारा तो जगातला पहिला माणूस. आपल्याकडे सायकलने शाळेत येणारी मुलेही गर्दीत एवढ्या वेगाने येत नाहीत, निदान येऊ नयेत.

आता १९५२ सालचे हेलसिंकी. तेथे जाण्यापूर्वीच एक प्रसंग घडला. पथकात स्टानिस्लाव्ह युंगवर्थ नावाचा एक तरुण धावपटू होता. त्याचे वडील राजकीय कैदी होते, म्हणून सरकारने ऐनवेळी मुलाचे नाव कापले. एमिलने कळवले की युंगवर्थ जाणार नसेल तर आपणही जाणार नाही. विमान निघाले आणि एमिल मागे राहिला. तो सैन्यातील अधिकारी होता आणि राजवट कडक होती. अशा वागण्याबद्दल केवळ ऑलिम्पिकच नव्हे तर नोकरी आणि स्वातंत्र्यही जाऊ शकत होते. शेवटी सरकारने माघार घेतली आणि दोघेही हेलसिंकीला पोहोचले.

ऑलिम्पिकची ज्योत घेऊन मैदानात आले ते पावो नुर्मी. ज्यांच्याविषयी वाचून कारखान्यातला मुलगा धावू लागला होता, तेच.

२० जुलैला एमिलने दहा हजार मीटरची शर्यत जिंकली. २४ जुलैला पाच हजारची अंतिम शर्यत झाली. शेवटच्या वळणाआधी तो चौथा होता. जर्मनीचा शाडे, फ्रान्सचा मिमून आणि इंग्लंडचा चॅटवे पुढे होते. वळणावर एमिल बाहेरच्या बाजूने निघाला. चॅटवेचा पाय कडेच्या पट्टीला लागून तो पडला. एमिल सर्वांच्या पुढे गेला आणि १४ मिनिटे ६.६ सेकंदांत पहिला आला. मिमून दुसरा, शाडे तिसरा. थोड्याच वेळात त्याच मैदानावर डानाने भालाफेकीत सुवर्णपदक मिळवले. एका दुपारी एका घरात दोन सुवर्णपदके आली.

येथे थोडे थांबून आपल्या घरची आठवण काढली पाहिजे. त्याच शहरात, आदल्याच दिवशी म्हणजे २३ जुलैला, कऱ्हाडजवळील गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी कुस्तीत कांस्यपदक मिळवले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. खाशाबांच्या प्रवासासाठी कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले होते. प्राचार्याच्या खुर्चीवर बसून हे लिहिताना आम्हाला संकोच वाटतो. आम्ही आजवर मुलांच्या दौडीसाठी खडू आणि दोरीच्या पलीकडे फारसे काही दिलेले नाही.

मॅरेथॉन २७ जुलैला होती. ४२ किलोमीटर १९५ मीटर. हे अंतर एमिल शर्यतीत एकदाही धावला नव्हता. इंग्लंडचे जिम पीटर्स सर्वांत मोठे दावेदार मानले जात होते, कारण जगातील सर्वोत्तम वेळ त्यांच्या नावावर होती. मॅरेथॉन कशी धावायची ते माहीत नसल्यामुळे एमिलने सरळ पीटर्स यांच्या पावलावर पाऊल ठेवले. पीटर्स सुरुवातीला फार वेगाने निघाले होते. वाटेत एमिलने त्यांच्याजवळ जाऊन विचारले की हा वेग बरोबर आहे ना. पीटर्स थकू लागले होते. त्यांनी थट्टेने, किंवा त्याला गोंधळात टाकण्यासाठी, वेग कमी पडतो आहे असे सांगितले. एमिलने ते खरे मानले आणि तो पुढे निघून गेला. पीटर्स यांच्या पायात गोळे आले आणि त्यांना शर्यत अर्ध्यावर सोडावी लागली. एमिल २ तास २३ मिनिटे ३.२ सेकंदांत मैदानात परतला. दुसरा आलेला अर्जेंटिनाचा गोर्नो अडीच मिनिटांनी आला. पाच हजार, दहा हजार आणि मॅरेथॉन, या तिन्ही शर्यती एकाच ऑलिम्पिकमध्ये दुसऱ्या कोणीही जिंकलेल्या नाहीत. भारताचे सुरतसिंग माथुरही त्या मॅरेथॉनमध्ये धावले आणि शर्यत पूर्ण करून आले.

लोकांनी हे जुलैत पाहिले. पण त्या तीस-बत्तीस किलोमीटरनंतर एमिलचे पाय का चालत राहिले, याचे उत्तर आधीच्या पाच-सहा हिवाळ्यांत आहे. त्या रात्री जंगलात टाळ्या वाजवायला कोणी नव्हते.

पुढील काही वर्षे पटकन सांगतो. १९५४ साली दहा हजार मीटर २९ मिनिटांच्या आत धावणारा तो पहिला ठरला. १९५६ साली मेलबर्न ऑलिम्पिकच्या थोडे आधी त्याच्यावर हर्नियाची शस्त्रक्रिया झाली, तरी तो मॅरेथॉन धावला आणि सहावा आला. पहिला आला तो मिमून, जो अनेक वर्षे त्याच्या मागे दुसरा येत असे. मिमून शेवटच्या रेषेपाशी त्याची वाट पाहत उभा होता. एमिलने डोक्यावरची टोपी काढून त्याला सलाम केला आणि मिठी मारली. १९५८ च्या जानेवारीत स्पेनमधील सॅन सेबास्टियन येथे शेतातून आणि चढउतारावरून धावण्याची एक हिवाळी शर्यत झाली. ती जिंकून त्याने स्पर्धांचा निरोप घेतला. अशा माणसाची शेवटची शर्यत भर थंडीत व्हावी हे आम्हाला योग्य वाटते.

१९६६ साली ऑस्ट्रेलियाचे रॉन क्लार्क प्रागला आले होते. क्लार्क यांनी अनेक जागतिक विक्रम केले, पण ऑलिम्पिक सुवर्णपदक त्यांना कधी मिळाले नाही. निरोप देताना विमानतळावर एमिलने त्यांच्या हातात एक लहानशी पुडी ठेवली. क्लार्क यांना वाटले, देशाबाहेर चोरून न्यायचे काहीतरी असावे. विमान उडाल्यावर त्यांनी ती उघडली. आत एमिलचे १९५२ सालचे दहा हजार मीटरचे सुवर्णपदक होते.

मोठ्या मुलांनी आणि पालकांनी यापुढचा भाग लक्ष देऊन वाचावा. १९६८ साली चेकोस्लोव्हाकियात काही नेत्यांनी राज्यकारभार मोकळा करण्याचा प्रयत्न केला. एमिल तेव्हा सैन्यात कर्नल होता. त्याने सुधारणांच्या बाजूने निघालेल्या जाहीरनाम्यावर सही केली. ऑगस्टमध्ये सोव्हिएत युनियन आणि त्याच्या मित्रदेशांचे रणगाडे प्रागमध्ये शिरले. एमिल चौकात लोकांसमोर उभा राहून त्याविरुद्ध बोलला. परिणाम व्हायचा तो झाला. पक्षातून काढले, सैन्यातून काढले, हुद्दा गेला. देशाचा सर्वांत नावाजलेला खेळाडू जमिनीत खोल भोके पाडून पाहणी करणाऱ्या एका कंपनीत मजुरी करू लागला. प्रागपासून दूर, चाकांवरच्या झोपडीत कामगारांसोबत राहायचे आणि सुट्टीला घरी यायचे. अशी काही वर्षे गेली.

त्याच्या चाहत्यांना न आवडणारी एक गोष्टही सांगितली पाहिजे. १९७१ साली त्याने आपली आधीची मते मागे घेतल्याचे जाहीर केले. त्याबद्दल काही जुने मित्र त्याच्यावर नाराज झाले. दबाव किती असेल याची कल्पना आपण येथे बसून करू शकत नाही, म्हणून आम्ही त्याला नावे ठेवणार नाही. पण ही गोष्ट गाळून चरित्र सांगणेही आम्हाला मान्य नाही. युंगवर्थसाठी विमान सोडणारा तोच आणि हे निवेदन देणारा तोच. पुढे त्याला प्रागमध्ये क्रीडाविषयक कागदपत्रांचे काम मिळाले. त्याला अनेक भाषा येत होत्या, त्याचा तेथे उपयोग झाला.

१९८९ साली ती राजवट गेली. मार्च १९९० मध्ये त्याचा मान त्याला परत देण्यात आला. नोव्हेंबर २००० मध्ये प्रागला त्याचे निधन झाले. डानाबाई त्याच्यामागे जवळजवळ वीस वर्षे होत्या, मार्च २०२० मध्ये त्याही गेल्या.

आता दौडीविषयी. सभेचा निर्णय येईपर्यंत सराव चालू राहील, मात्र वेळ बदलली आहे. साडेसहाऐवजी सकाळी साडेआठला, कोहरा हटल्यावर. कोहरा नसेल हटला तर त्या दिवशी सराव होणार नाही, सभागृहात व्यायाम होईल. येण्यापूर्वी दूध, पोहे, पोळी, काही तरी खाऊन यावे. दमा असलेल्या मुलांनी डॉक्टरांचे पत्र आणावे, त्यांच्यासाठी चालण्याची वेगळी तुकडी राहील. पहिल्या आठवड्यात फक्त दोनशे मीटरच्या चार फेऱ्या, आणि दर दोन फेऱ्यांमध्ये तितकेच अंतर चालायचे. सैन्याचे बूट आणू नयेत, श्वास रोखून कोणी धावू नये. सर्दीचे अर्ज पूर्वीप्रमाणेच कार्यालयात द्यावेत. ते आम्ही स्वतः वाचू, आणि शंका वाटली तर एमिलच्या क्रीडाप्रमुखांनी केले तेच करू, म्हणजे मुलाला आधी डॉक्टरांकडे पाठवू.